हेतू नव्हता, मग शिक्षा कशाची? रग्बी लीगच्या सुनावणीला जाणाऱ्या एका आईला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. सिडनीच्या पश्चिम उपनगरात राहणाऱ्या एका मराठी आईचा १७ वर्षांचा मुलगा रग्बी लीग (चेंडू हातात घेऊन धावायचा आणि समोरच्याने धरून पाडायचा सांघिक खेळ) खेळतो. गेल्या शनिवारी त्याने आणि त्याच्या एका साथीदाराने मिळून समोरच्या मुलाला पाडलं. तो मुलगा हवेत उलटला, पाय वर आणि डोकं खाली, आणि खांद्यावर आदळून त्याचं कॉलरबोन मोडलं. रेफरीने यांच्या मुलाला मैदानाबाहेर काढलं. ‘डेंजरस थ्रो’चा आरोप लागलाय आणि मंगळवारी संध्याकाळी ज्युडिशिअरीसमोर, म्हणजे खेळाच्या शिस्तपालन समितीसमोर, सुनावणी आहे. त्या विचारतात, “व्हिडिओत स्वच्छ दिसतंय की त्याने मुद्दाम केलेलं नाही. हेतूच नव्हता तर शिक्षा कशाची? आणि तिथे जाऊन आम्ही बोलायचं काय?”

ताई, मी या शहरात बरीच वर्षं मुलांच्या सामन्यांना शिट्टी वाजवली. गुडघे बोलायला लागल्यावर जिल्ह्याच्या ज्युडिशिअरी पॅनलवर बसायला लागलो. तुमचा प्रश्न दर मोसमात टेबलापलीकडून ऐकू येतो आणि विचारणारे आईबाप जवळजवळ नेहमी खरंच बोलत असतात. पोराने मुद्दाम केलेलं नसतं. अडचण अशी की मंगळवारी त्याला “मुद्दाम केलंस का?” असं कुणी विचारणारच नाही.

नियमच तसा लिहिलाय. रग्बी लीगच्या आंतरराष्ट्रीय नियमांत गैरवर्तनाचं एक कलम आहे. त्यातल्या डेंजरस थ्रोच्या व्याख्येचा मराठीत अर्थ साधारण असा: टॅकल करताना (चेंडू घेतलेल्याला धरून पाडताना) समोरच्याला असं उचललं की त्याच्या शरीराचा जमिनीला लागणारा पहिला भाग डोकं किंवा मान असण्याची शक्यता आहे, तर तो टॅकल डेंजरस थ्रो मानला जाईल. अपवाद एकच. वाजवी काळजी घेऊनसुद्धा ती स्थिती टाळता आलीच नसती, तर.

पुन्हा एकदा सावकाश वाचा. त्यात ‘हेतू’ हा शब्द नाही. ‘दुखापत’ हाही नाही. ‘शक्यता’ आहे, म्हणजे पोरगं प्रत्यक्षात खांद्यावर पडलं म्हणून सुटका होत नाही, ते डोक्यावर पडू शकलं असतं का एवढंच बघतात. आणि वाक्याच्या शेवटी जे ‘तर’ आहे, ते सिद्ध करायची जबाबदारी व्यवहारात उचलणाऱ्यावर येते. तुमचा सगळा बचाव त्या ‘तर’मध्ये आहे, मुलाच्या मनात नाही.

आपल्याकडच्या अपघाताच्या फिर्यादी आठवा. पोलीस काय लिहितात? “हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून.” ट्रकवाला हात जोडून सांगत असतो की साहेब, मुद्दाम नाही केलं, आणि त्यावर सगळ्यांचा विश्वास असतो. मुद्दाम केलं असतं तर कलमच वेगळं लागलं असतं. तुमच्या मुलावरचा आरोप हयगयीचा आहे, आणि तुम्ही उत्तर देताय खुनाच्या आरोपाला. म्हणून दोन्ही बाजूंचं एकमेकांना ऐकू जात नाही.

ही व्याख्या एवढी कडक का वाचली जाते, याला कारण २०१४ ची २४ मार्चची रात्र आहे. तो टॅकल मी अनेकदा पाहिलाय आणि नव्या रेफरींनाही दाखवलाय, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. मेलबर्नमध्ये एनआरएलचा (इथल्या अव्वल व्यावसायिक रग्बी लीग स्पर्धेचा) सामना होता, मेलबर्न स्टॉर्म विरुद्ध न्यूकासल नाइट्स. मध्यंतराच्या जरा आधी न्यूकासलचा अ‍ॅलेक्स मॅकिनन चेंडू घेऊन आत घुसला. वय २२. त्याला तिघांनी धरलं, जॉर्डन मॅकलीन आणि जेसी व केनी ब्रॉमविच हे भाऊ. रोज शेकड्यांनी होतात तसाच टॅकल. त्यात तो उचलला गेला, उलटला आणि मान दुमडून खाली आला. मानेचे चौथा आणि पाचवा मणका मोडले. तेव्हापासून तो व्हीलचेअरवर आहे.

मॅकलीनला त्याची मान मोडायची होती असं तेव्हाही कुणी म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. मॅकिननने डोकं आत घेतलं नसतं तर हे घडलंच नसतं, असा युक्तिवाद आधी मैदानावर आणि मग सुनावणीतही झाला. शरीरशास्त्राच्या दृष्टीने त्यात तथ्य असेलही. पण विचार करा. उलटा पडणारा माणूस डोकं आत घेणारच, ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे. त्याला उलटा कुणी केला हा प्रश्न त्याच्या आधीचा. मॅकलीन दोषी ठरला आणि त्याला सात सामन्यांची बंदी झाली. काहींना ती फार वाटली, काहींना हास्यास्पद कमी. माझ्या मते त्या आकड्यावर भांडणाऱ्या दोन्ही बाजू एकच चूक करत होत्या. एका बाजूला हेतूच्या मापाने सात जास्त वाटत होते, दुसरीला व्हीलचेअरच्या मापाने कमी. पॅनलसमोर होती ती तिसरीच गोष्ट: तीन माणसं अंगाला भिडलेली असताना पाय वर न्यायची काही गरज होती का?

इथे खेळातली एक बाब तुम्हाला सांगायला हवी, कारण ती बाहेरून दिसत नाही. चेंडू घेऊन धावणाऱ्याचे हात मोकळे नसतात. चेंडू सुटला तर ताबा जातो, म्हणून पडतानाही तो चेंडू छातीशी घट्ट धरतो. आपण घसरलो की हात पुढे करतो. त्याला ते करता येत नाही. कुस्तीत पट काढून समोरच्याला उचललंत तर तिथे दोघंच असतात, त्याचे हात मोकळे असतात आणि तोही तुम्हाला धरून असतो. (इथले मोठे क्लब टॅकल शिकवायला कुस्ती आणि जुजुत्सूचे प्रशिक्षक ठेवतात. त्यामुळे आखाड्यातलं अर्धंमुर्धं ज्ञान शाळकरी पोरांपर्यंत झिरपतं, आणि पट काढायला शिकलेलं पोर तो पट खाली कसा ठेवायचा हे शिकतंच असं नाही.) शिवाय एक जण वरून छाती धरून मागे रेटतो आणि दुसरा खालून मांडी उचलतो, तेव्हा मधला माणूस तराजूच्या दांडीसारखा फिरतो. दोघांपैकी कुणीच त्याला ‘उलटा’ करत नसतो. दोघं मिळून करतात. म्हणून ज्याचा हात समोरच्याच्या दोन पायांच्या मध्ये असतो, त्याच्याकडे आम्ही आधी बघतो. फिरवायची चावी त्याच्याकडे असते, आणि थांबायचीही.

आता हेतूचं स्थान कुठे, ते सांगतो, कारण ते अगदीच नाही असं नाही. डोक्याला किंवा मानेला लागणाऱ्या टॅकलबद्दल नियमात तीन शब्द एका ओळीत येतात: हेतुपुरस्सर, बेपर्वा, निष्काळजी. तिन्ही गुन्हेच आहेत, फरक शिक्षेच्या पायरीत. एनआरएलमध्ये आरोपपत्र बहुतेक वेळा खालच्या दोन पायऱ्यांवरच बनतं, ‘निष्काळजी’ किंवा ‘बेपर्वा’, आणि प्रत्येकाच्या आत पुन्हा श्रेणी. सर्वांत वरची पायरी जवळजवळ वापरातच नाही. माणसाच्या डोक्यात काय चाललं होतं हे सिद्ध करत बसण्यापेक्षा खांदा कुठे होता, वेग किती होता, हात आधी आला की खांदा, हे सिद्ध करणं सोपं आणि न्याय्य असतं.

२०२१ च्या ऑगस्टमधलं लॅट्रेल मिचेलचं प्रकरण घ्या. साउथ सिडनी विरुद्ध सिडनी रूस्टर्स, सामना ब्रिस्बेनमध्ये. मिचेल धावत आला आणि रूस्टर्सच्या जोसेफ मानूच्या तोंडावर त्याचा खांदा बसला. मानूच्या गालाचं हाड मोडलं. दोघं पूर्वी एकाच संघात खेळलेले, मैदानाबाहेर मित्र. मित्राचं तोंड फोडायच्या इराद्याने तो आला होता असं म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही. आरोप लागला तो ‘बेपर्वा’ टॅकलचा आणि बंदी सहा सामन्यांची. त्याचा मोसम तिथेच संपला. साउथ सिडनी त्याच्याशिवाय अंतिम सामन्यापर्यंत गेली आणि पेनरिथकडून १४-१२ अशी हरली. दोन गुणांनी! मिचेल असता तर, हा विषय इथल्या पबमध्ये अजून निघतो. पण त्या संध्याकाळी रेफरीने त्याला फक्त दहा मिनिटं सिन बिनमध्ये, म्हणजे तात्पुरतं मैदानाबाहेर, पाठवलं होतं. त्यावरून रूस्टर्सचे प्रशिक्षक ट्रेंट रॉबिन्सन एवढे भडकले की पंचांवर बोलल्याबद्दल त्यांना २०,००० डॉलरचा दंड झाला.

जिथे हेतू उघडच आहे, ती प्रकरणं वेगळी असतात आणि ती बहुधा टॅकलची नसतातच. २०१४ च्या इंग्लंडच्या सुपर लीग अंतिम सामन्यात, ओल्ड ट्रॅफर्डवर, विगनच्या बेन फ्लॉवरने सेंट हेलेन्सच्या लान्स होहायाला ठोसा मारला. तो खाली पडल्यावर वाकून दुसरा मारला. सामना सुरू होऊन तीन मिनिटंही झाली नव्हती. सहा महिन्यांची बंदी. पहिल्या ठोशाला निदान ‘संताप’ म्हणता येतं. निपचित पडलेल्या माणसाला मारलेल्या दुसऱ्याला कुठलंच नाव नाही.

आणि तिथेसुद्धा हेतूवरून किती गुंता होतो बघा. २००४ मध्ये मेलबर्नच्या डॅनी विल्यम्सने वेस्ट्स टायगर्सच्या मार्क ओनीलला मागून येऊन ठोसा मारला. त्याचा बचाव काय? आधीच्या टॅकलमध्ये आपल्याच डोक्याला मार बसला होता, आपण काय करतोय याचं भान नव्हतं. त्यासाठी वैद्यकीय साक्षही दिली गेली. पॅनलने ते मानलं नाही आणि १८ आठवड्यांची बंदी घातली. खरं सांगू? तो खोटं बोलत होता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या वागण्याबद्दल आज जास्त कळलेलं आहे. पण हेतूवर खटला चालवला की असं होतं: डॉक्टर, वकील, मेंदूच्या गोष्टी, आणि मूळ ठोसा कुठेतरी बाजूला.

तुमच्या व्हिडिओबद्दलही एक सावधगिरी. “व्हिडिओत दिसतं” असं तुम्ही म्हणता, तसंच त्या दुसऱ्या मुलाची आईही म्हणत असणार, बरोबर उलट अर्थाने. तुमच्यापैकी कुणीही खोटं बोलत नाही. संथ गतीत पाहिलं की प्रत्येक हालचाल विचार करून केल्यासारखी वाटते. पाव सेकंदाचं तीन सेकंद करून दाखवलं की प्रेक्षक त्या तीन सेकंदांत खेळाडूला निर्णय घ्यायला वेळ देऊन टाकतो. मी पॅनलवर आग्रह धरून पहिली दोन वेळा खऱ्या वेगानेच क्लिप लावायला सांगतो. संथ गती कशासाठी? हात कुठे होता, पाय जमिनीवरून कधी सुटले, छातीची रेषा आडवी होऊन पुढे गेली का, एवढंच मोजायला. चेहरे वाचायला नाही.

चेहरे वाचण्यात मी एकदा चांगला फसलोय. पॅनलवर माझं दुसरंच वर्ष. एक मुलगा आला, डोळे पाण्याने भरलेले, आवाज फुटत नव्हता. आरोप तुमच्या मुलावर आहे तोच. आम्ही विरघळलो, ‘असं पुन्हा करू नकोस’ म्हणून ताकीद देऊन सोडलं. पाच आठवड्यांनी तोच मुलगा, तोच टॅकल, समोर दुसरा मुलगा. सुदैवाने तो मानेच्या लचकेवर वाचला. पहिल्या वेळी त्याचं रडणं खरंच होतं, दुसऱ्या वेळीही खरंच होतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की तुझा हात चुकीच्या जागी जातो. आम्ही त्याचा स्वभाव तपासला आणि टॅकल तसाच सोडला. त्या दिवसापासून ‘मुलगा चांगला आहे’ हे वाक्य मी आदराने ऐकतो आणि कागदावर लिहीत नाही.

आता तुमच्या प्रश्नातला जो भाग तुम्ही विचारला नाही पण जो तुम्हाला टोचतोय: कॉलरबोन मोडलं नसतं तर हे सगळं झालं असतं का? प्रामाणिक उत्तर, कदाचित नाही. असले अनेक टॅकल पेनल्टीवर सुटतात. २०२२ मध्ये ब्रिस्बेनच्या पॅट कॅरिगनने वेस्ट्स टायगर्सच्या जॅक्सन हेस्टिंग्जच्या पायावर मागून आपलं वजन टाकलं. ज्याला आता ‘हिप ड्रॉप’ म्हणतात तो प्रकार. पायाचं हाड मोडलं, कॅरिगनला चार सामने. तसेच पडलेले आणि काहीच न मोडलेले टॅकल त्या मोसमात मी टीव्हीवर पाहिलेत आणि समालोचकांनी त्यांच्यावर चकार शब्द काढला नव्हता. परिणाम बघून शिक्षा ठरवणं मला पटत नाही. नशिबाचं बिल एकट्याच्या नावावर फाडल्यासारखं होतं. पण दुखापत झाली की लोक बघतात, आणि बघितलं की कृती दिसते. उपाय म्हणून मोडलेल्या हाडाची शिक्षा कमी करायची, की न मोडलेल्याचीही द्यायची? मी दुसऱ्याच्या बाजूचा. २०२१ च्या मे महिन्यात एनआरएलने ब्रिस्बेनमधल्या एका वीकेंडला तेच करून पाहिलं. डोक्याला स्पर्श झाला की कारवाई, लागलं असो वा नसो. त्या आठ सामन्यांत तीन खेळाडू उरलेल्या सामन्यासाठी बाहेर आणि चौदा सिन बिनमध्ये. ‘खेळ मेला’ म्हणून ओरड झाली. खेळ काही मेला नाही, मुलांचे खांदे तेवढे थोडे खाली आले.

खांद्याने धडक देणं, ‘शोल्डर चार्ज’, हे तर २०१३ पासून सरसकट बंद आहे. हात न वापरता खांदा मारला की गुन्हा, मनात काय होतं ते विचारायचंच नाही. जुने खेळाडू तेव्हा हळहळले. दोन वर्षांनी, २०१५ च्या जूनमध्ये, क्वीन्सलंडच्या स्पर्धेत जेम्स अकरमन हा २५ वर्षांचा खेळाडू अशाच धडकेनंतर गेला. त्यानंतर हळहळीचा आवाज बराच कमी झाला.

कोर्टकचेरीची भीती तुमच्या मनात असेल तर, असे दावे झालेले आहेत, पण ते व्यावसायिक खेळाडूंचे. क्रोनुलाच्या स्टीव्ह रॉजर्सचा जबडा १९८५ मध्ये कँटरबरीच्या मार्क बगडनच्या हाताने मोडला. रॉजर्सने दावा लावला आणि खेळाडूबरोबर त्याचा क्लबही जबाबदार ठरला. जबडा मोडायचाच इरादा होता असं सिद्ध व्हावं लागलं नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत क्लबच्या सेक्रेटरीला विम्याबद्दल एक मेल टाका आणि तो विषय बाजूला ठेवा.

मंगळवारसाठी आता कामाचं. आरोपाच्या पत्रात गुन्हा लवकर कबूल केला तर शिक्षा कमी होते का, ते बघा. बहुतेक स्पर्धांत होते आणि तारीख-वेळ दिलेली असते. ती चुकवू नका. क्लिप घरी बसून मुलाबरोबर बघा, पण आधी तुम्ही बोलू नका. त्याला विचारा, पाय जमिनीवरून सुटल्यावर तू काय केलंस? उत्तर ‘सोडायचा, खाली घ्यायचा प्रयत्न केला’ असेल आणि क्लिपमध्ये तो दिसत असेल, म्हणजे हात सुटतोय, गुडघे वाकतायत, तो स्वतः खाली जाऊन वजन आपल्या अंगावर घेतोय, तर नियमातला तो ‘तर’ तुमच्या बाजूला थोडा तरी आहे आणि लढायला जागा आहे. उचलत राहिला असेल, किंवा साथीदार रेटत असताना यानेही जोर लावला असेल, तर कबूल करा. लढून हरलात तर सामने वाढतात, आणि सतराव्या वर्षी दोन सामने म्हणजे आयुष्य नव्हे, जरी त्याला तसं वाटलं तरी.

तीन वाक्यं तिथे म्हणू नका. ‘त्याने डोकं आत घेतलं.’ ‘एनआरएलमध्ये तर रोज होतं.’ आणि ‘दुसऱ्या मुलानेच उचललं’, निदान तो दुसरा मुलगा क्लिपमध्ये खरोखर उचलताना दिसत नसेल तर. साथीदारावर ढकलणारा मुलगा पॅनलवरच्या जुन्या खेळाडूंना अजिबात आवडत नाही. हे न्यायाला धरून आहे की नाही ते जाऊ द्या, आहे हे असं आहे.

ज्याचं हाड मोडलं त्याला भेटला का तुमचा मुलगा? नसेल तर सुनावणीच्या आधी जाऊ द्या, आणि सुनावणीत ते सांगू नका. विचारलं तर हो म्हणायचं. शिक्षा कमी व्हावी म्हणून मागितलेली माफी आम्हाला दुरून ओळखू येते.

बंदी काही का होईना, प्रशिक्षकाला सांगून एवढं करून घ्या: मांडीला मिठी घालताना हात बाहेरून, दोन्ही पाय एकत्र बांधायचे, मधून घालायचा नाही. आणि समोरच्याची कंबर आपल्या खांद्याच्या वर गेली की थांबायचं, उभ्या उभ्या थांबायचं, साथीदार काहीही ओरडो. आठवड्यात दोनदा, दहा-दहा मिनिटं, सहा आठवडे. सवय लागायला एवढं पुरतं.

तिथे तुम्ही त्याच्या शेजारी बसा, पण बोलू त्याला द्या. मोबाइलवर लिहून आणलेलं निवेदन नको. दिवे लागतील, क्लिप दोनदा खऱ्या वेगाने चालेल, मग कुणीतरी ती थांबवून त्याच्याकडे बघून विचारेल, “इथे तुझा उजवा हात कुठे आहे?” या एका प्रश्नाचं खरं उत्तर त्याला सोमवारी रात्रीपर्यंत ठाऊक असू द्या.